चावीची तार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवापुढं उभं राहूनसुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असता, तर माझ्याबद्दल चांगलंच बोलला असता. शिरूरमध्ये बरेच जण बोलतात. रांजणगावच्या कंपन्यांच्या बसगाड्या वायरिंगला माझ्याकडं येतात. माणूस सरळ आहे, म्हणतात. ते ऐकलं की तोंडाला आंबट पाणी सुटतं, उलटीच्या आधी सुटतं तसं.

कुठून सुरू करू? दौंडपासून करतो.

मी किनवटकडचा. आठवीत शाळा सोडली आणि कामासाठी इतक्या लांब आलो. दौंडला स्टेशनच्या रस्त्यावर नानांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं, आणि त्याला लागून मिस्त्रींचं गॅरेज. नानांनी मला काम दिलं, दुकानात झोपायला जागा दिली. त्यांच्या बायकोनं, माईंनी, जेवायला घातलं. एकदा तापानं फणफणलो तेव्हा माई उशाशी बसून होत्या. माझी आई असती तरी वेगळं काय करणार होती?

पण मला कायम भीती — हे लोक काढून टाकतील. कुठं काही सांडलं, तुटलं, की पहिला मीच पुसायला धावायचो. कुणी रागवायच्या आतच मी माफी मागून मोकळा व्हायचो. इतकी माफी मागणारा माणूस मी. मग ज्या दिवशी खरोखर मागायची होती, त्या दिवशी ती कुठं गेली?

एक गोष्ट आधी सांगायला हवी. नानांचे डोळे साखरेच्या दुखण्यानं गेले होते. आंधळे नव्हते, पण तारांचे रंग कळत नव्हते. हे माईंना ठाऊक होतं आणि मला. दुसऱ्या कुणाला कळू द्यायचं नव्हतं — वायरमनला रंग दिसत नाहीत म्हटल्यावर गाडी कोण देईल? म्हणून आम्ही बापलेकासारखं काम करायचो. नाना डॅशबोर्डखाली उताणे पडायचे, हात बाहेर काढायचे. मी तार हातात द्यायचो, हळूच रंग सांगायचो. जोड नानांचा, डोळे माझे. त्यांनी मला घर दिलं, आणि हे एवढंच माझ्याकडून घेतलं.

मिस्त्रींकडं कासुर्डीच्या आबांची जीप आली होती. आबा शेतकरी. गाडी पेट्रोलची, आणि पेट्रोल परवडत नव्हतं, म्हणून मोडीतल्या टेम्पोचं डिझेल इंजिन तिच्यात बसवायचं ठरलं. बसलंही, पण लांबीला जास्त निघालं. त्याच्या तोंडावरचा पाण्याचा पंप रेडिएटरला भिडायला लागला. मिस्त्रींनी तो पंपच काढला, त्या जागी पट्टी मारून भोक बुजवलं, आणि पुण्याच्या जुन्या बाजारातून कुठल्याशा परदेशी गाडीचा विजेवरचा छोटा पंप आणून खाली बसवला. इंजिनाचं पाणी आता तो फिरवणार. आबांना मोठी गंमत वाटली होती. विहिरीवर एक हाय तो लाइटीची वाट बघत बसतो, म्हणाले, आता गाडी बी लोडशेडिंग बघून काढायची का, मिस्त्री?

मिस्त्रींनी बजावून सांगितलं होतं: पंपाला करंट डायनामोवरून घ्या, चावीवर अजिबात नको. डायनामो इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करतो; इंजिन चालू तोवर पंप चालू. आणि तसलं जुनं डिझेल इंजिन एकदा सुरू झालं की चावी काढली तरी चालतच राहतं, बंद करायला निराळी दांडी ओढावी लागते. तेव्हा कितीतरी जण गाडी सुरू करून चावी खिशात टाकायचे, आणि चावीच्या तारेतला करंट तिथंच तुटायचा. हे कारण मला तेव्हा माहीत नव्हतं. मी पेट्रोलच्याच गाड्या बघितलेल्या. विचारलंही नाही — विचारलं तर याला काही येत नाही असं वाटेल म्हणून.

शेवटची तार राहिली होती. आबा बाहेर हार-नारळ घेऊन उभे. नानांनी खालून हात काढला, डायनामोची दे म्हणाले. ती घसरून बॅटरीच्या मागं गेली होती. काढायची म्हणजे मी नुकतीच कसलेली बॅटरी परत सोडवायची. चावीची तार समोरच लोंबत होती. ती दिली.

"हीच ना?" नानांनी विचारलं.

"हीच," मी म्हणालो.

त्यांनी तार सोलली, पीळ दिला, वर कथलाचा डाग दिला. इंजिन सुरू झालं तसा पंपही फिरायला लागला. नारळ फुटला. पेढा मीही खाल्ला.

काही दिवसांनी आबा शिरूरला लेकीला आणायला निघाले. सवयीप्रमाणं चावी खिशात. पंप बंद, आणि पाणी तापल्याचं दाखवणारा काटाही बंद, कारण तोसुद्धा चावीवरच. न्हावऱ्याच्या अलीकडं इंजिन जाम झालं. आबांनी बॉनेट उघडून रेडिएटरचं झाकण फिरवलं आणि उकळतं पाणी हातांवर आलं, मानेवर आलं.

ट्रॅक्टरनं ओढून जीप दौंडला आणली. मिस्त्री पंपाच्या तारेचा माग काढत काढत चावीपाशी पोचले. नाना जेवायला घरी गेलेले. ही तार कुणी जोडली, मिस्त्रींनी मला विचारलं. नानांनी, म्हणालो. खोटं होतं का? जोड नानांचाच होता. तेवढ्यावर थांबलो असतो तर मी भित्रा ठरलो असतो, एवढंच. पण मिस्त्री माझ्याकडं बघत राहिले. रंग सांगायला तू होतास ना, असं आता विचारतील असं वाटलं — त्यांना ते माहीतच नव्हतं, तरी वाटलं. आणि मी बोललो.

"नानांना रंग दिसत न्हाईत आता. कुणाला सांगू नका म्हणलेत."

ते शेवटचं वाक्य बघा. गुपित फोडताना वर आव कसला, तर जड मनानं सांगतोय असा. हे कुणी शिकवलं होतं मला?

त्यानंतर नानांकडं गाडी आली नाही. मिस्त्रींनी वायरिंगचं काम मला दिलं आणि मी घेतलं. नाना मला बरोबर घेऊन आबांना बघायला गेले. हात जोडून उभे राहिले, डोळ्यांचं लपवलं ही माझी चूक म्हणाले. आबांनी बांधलेले हात पोटावर तसेच ठेवून भिंतीकडं तोंड फिरवलं. मी दाराशी उभा होतो, केळी घेऊन.

पण हेही ते नाही. जे सांगायचंय, ते यानंतरचं आहे.

दुकानाला कुलूप लागल्यानंतरची एक दुपार. नाना घराच्या ओट्यावर बसले होते. मला जवळ बसवून म्हणाले, "मी तुला हीच ना म्हणून इचारलं हुतं. तू हीच म्हणलास. मग माझ्या हातात दुसरी कशी आली रं?"

त्यांच्या आवाजात संशय नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्यांना खरंच कळत नव्हतं, आणि रोज तेच आठवत बसलेले असणार. आजूबाजूला कुणी नव्हतं. मिस्त्री नव्हते, आबा नव्हते. काम तर माझ्याकडं आलंच होतं. आता भ्यायचं कशाला होतं?

"तुम्ही ती खाली ठिवली नाना, आन् दुसरी उचलली. मी बघितलं. पर तुमाला कसं सांगायचं म्हणून बोललो न्हाई."

नानांनी आपली बोटं डोळ्यांजवळ नेऊन बघितली.

"आसंल," म्हणाले. "माझं मलाच कळंना झालंय." मग माझ्या पाठीवर हात ठेवला. "तू नगं मनाला लावून घिऊ, लेकरा."

आणि आत माईंना हाक मारून माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला. माईंनी आणून दिला. तिथंच, त्यांच्या शेजारी बसून, मी तो सगळा प्यालो.