जमनाच्या घरातला दर्या

जमनाचा बाप होडी हाकणारा तांडेल, नवरा पुंडलिकही तांडेल, आणि जमनाने मात्र आपल्या मुरबे गावच्या खाडीपलीकडचा दर्या कधी पाहिला नव्हता. बाईने होडीवर जायचं नाही, हा गावाचा रिवाज. होड्या आल्या की टोपल्या उचलायच्या, बोंबील बांबूच्या वलांडीवर सुकत घालायचे, आणि सुके झाले की बोईसरच्या बाजारात नेऊन विकायचे. सारा जन्म यातच गेला. मुलगी हिमानी लग्न होऊन वाणगावला गेली, घरात दोघंच उरली, तरी टोपली काही सुटली नाही.

बाजारात तिची बसायची जागा तेजलच्या दुकानासमोर. तेजल कॉम्प्युटर जुळवून द्यायची, बिघडलेले दुरुस्त करायची. दुपारी गिऱ्हाईक मंदावलं की ती जमनाला पाणी द्यायची आणि जाताना जमना तिच्या हातात मूठभर सुकट ठेवायची. एके दिवशी तेजलने कुणाचा तरी नवा कॉम्प्युटर तपासायला लावला होता. पडद्यावर एक मासेमारीची होडी लाटांवर चढत होती, उतरत होती. जमना टोपली तशीच टाकून दुकानात शिरली.

“ही कोन चालवते?”

“कोणीही चालवू शकतं, मावशी. खेळ आहे तो.”

“मी पन?”

तेजल हसली आणि तिला खुर्ची दिली. जमनाने होडी धक्क्यावर आपटली, तरी उठली नाही. त्यानंतर रोज दुपारी ती अशी दुकानात येऊन बसायला लागली आणि एक दिवस म्हणाली, “मना असा एक बनवून दे.”

“मावशी, असला कॉम्प्युटर फार महाग पडतो. घरात दुसरं काही घ्या ना.”

“पाटल्या केल्या असत्या तर कोनी विचारला नसता. पैसा माझ्या बोंबलांचा हाय.”

मग तेजलने शेजारी शेजारी दोन कॉम्प्युटर लावले आणि दोन्हींवर तोच खेळ सुरू केला. पहिल्यावर पाणी अडखळत होतं, फेसाचे चौकोनी तुकडे पडत होते. दुसऱ्यावर लाट दुरून फुगत यायची आणि होडीखालून निघून जायची.

“चित्र काढतं ते ग्राफिक कार्ड,” तेजलने सांगितलं. “दोन्हींत फरक फक्त त्याचा आहे.”

जमना बराच वेळ दुसऱ्या पडद्याकडे पाहत राहिली. “ह्यो दर्या हाय. त्यो नुसता पानी हाय.”

मग कार्ड सर्वांत भारी घ्यायचं ठरलं आणि बाकीच्यात काटकसर सुरू झाली. रंगीत दिवे नकोत, कॉम्प्युटरची बाहेरची पेटी काचेची नको. प्रोसेसर मधला चालेल. पॉवर सप्लायचा हलका माल तेजल घेऊ देईना, कारण मुरब्याची वीज कधी उसळते, कधी झोपते. जमनाची अट एकच होती.

“आवाज नको. आमचा मानूस रातभर दर्यावर असतो, दिवसा झोपतो. घर एका खोलीचा.”

म्हणून प्रोसेसरवर भलामोठा कूलर आला आणि सावकाश फिरणारे मोठे पंखे आले. खाऱ्या हवेत खिळेसुद्धा टिकत नाहीत हे जमनाने सांगितल्यावर तेजलने जाळीची पेटी बदलून हवा गाळून आत घेणारी पेटी निवडली. त्या पेटीत कार्डच मावेना! पेटी पुन्हा बदलावी लागली. शेवटी जमनाची सुजलेली बोटं कीबोर्डवर चालेनात, तेव्हा गाडीच्या खेळांना लावतात तसं स्टिअरिंग आणलं. ते हातात घेतल्यावर जमना जरा लाजली.

कॉम्प्युटर घरी आला आणि पुंडलिक भडकला.

“म्हातारपनी खेलायचा? गावात तोंड दाखवायला जागा नाय ठेवली!”

“तुमी तोंड दाखवा, मी खेलते,” जमना म्हणाली.

त्याने अबोला धरला. ती दुपारी होडी चालवायची, तो भिंतीकडे तोंड करून झोपायचा. खोलीत पंख्यांचा आवाज नव्हता, लाटांचा आवाजही ती अगदी बारीक ठेवायची. तेवढ्यानेही त्याची झोप उडत असावी, कारण एकदा खेळात वादळ उठलं आणि होडी कलायला लागली, तेव्हा मागून आवाज आला.

“आडवी नको घेऊ! तोंड लाटेवर धर!”

जमनाने गर्रकन स्टिअरिंग फिरवलं. होडी पाण्यात तोंड खुपसून पुन्हा वर आली.

“आता जोर कमी कर. लाट जाऊ दे. हां... आता दे.”

पुंडलिक उठून तिच्यामागे उभा राहिला होता. होडी वादळातून बाहेर आली तरी त्याने तिच्या खुर्चीची पाठ सोडली नाही. जमनाने वर पाहिलं, तर त्याचा चेहरा उतरला होता.

“काय झाला?”

“विनोद असाच गेला,” तो म्हणाला. “आडव्या लाटेत.”

विनोद म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. त्याला दर्याने नेलं, एवढंच गावाला माहीत होतं आणि तेवढंच जमनालाही. त्या रात्रीबद्दल पुंडलिकने घरात कधी चकार शब्द काढला नव्हता आणि तिनेही कधी खोदून विचारलं नव्हतं. दर्यावर काय असतं, हे तिला ठाऊक नाही, तर सांगून काय उपयोग, असं त्याला वाटत आलं असावं.

“सुकानू माझ्या हाती होता,” तो खाली बसत म्हणाला. “मी हाक मारली त्याला. वाऱ्यात ऐकू नाय गेली.”

जमनाने स्टिअरिंगवरचे हात काढले. पडद्यावर होडी आपली आपण हेलकावत राहिली. तिने खुर्ची त्याच्याकडे वळवली.

“मंग?” तिने विचारलं, आणि पुंडलिक सांगायला लागला.