मऊ नळीचा आठवडा

आमच्या मोठ्या सिस्टरना आम्ही पाठीमागे फौजदार म्हणायचो. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात त्यांची पावलं वाजली की नव्या मुली भिंतीला चिकटायच्या. हात नीट धुतले नाहीत म्हणून त्यांनी एका बड्या डॉक्टरांना दारातूनच परत पाठवलं होतं. मला तर त्या रोज फैलावर घ्यायच्या आणि मी मनातल्या मनात उलट उत्तरं द्यायचे. अजूनही देते. पण चिमुकल्या बाळाचं डोकं त्यांच्याइतकं स्थिर दुसरं कुणी धरत नाही, हे मान्य करायलाच हवं.

फार लवकर जन्मलेल्या बाळाची फुप्फुसं उघडी राहत नाहीत, दर श्वासाला मिटून जातात. ती उघडी ठेवणारं औषध बारीक नळीने थेट श्वासनळीत सोडावं लागतं. आमच्याकडे त्यासाठी दोन नळ्या होत्या. एक पोटात दूध सोडायची मऊ नळी, ती चिमट्याने धरून आत सरकवायची. दुसरी खास याच कामासाठी बनवलेली, ताठ. मऊ नळी ऐन वेळी वाकते. ताठ नळी सरळ जाते, पण आत कुठे खरचटेल अशी धास्ती असते. कुठली बरी हे बघायला डॉक्टरांनी तुलना लावली होती, एक आठवडा मऊ, एक आठवडा ताठ. बाळाच्या आईला समजावून तिची संमती घ्यायचं काम सिस्टरांकडे. भेदरलेल्या बाईचा हात हातात घेऊन त्या सांगायच्या, "दोन्ही सारख्याच आहेत गं. तू नको काळजी करूस." त्या बाईचा जीव भांड्यात पडायचा.

मग सिस्टरांच्या लेकीलाच सहावा महिना सरतो न सरतो तोच कळा सुरू झाल्या. आठवडा मऊ नळीचा होता.

तिची संमती मलाच घ्यावी लागली, कारण सिस्टर दाराशी नुसत्या उभ्या होत्या. "आई, सही करू ना?" लेकीने विचारलं. त्यांनी नुसती मान डोलावली, नेहमीचं 'दोन्ही सारख्याच' काही म्हटलं नाही. मला ते खटकलं, पण तेव्हा विचार करायला सवड कुणाला होती?

मुलगी झाली. माझ्या तळहातापेक्षा जेमतेम मोठी. श्वास घेताना तिच्या बरगड्या अशा आत ओढल्या जात होत्या की बघवत नव्हतं. डॉक्टरांनी मऊ नळी उचलली आणि सिस्टर म्हणाल्या, "ती ठेवा. ताठ घ्या."

"सिस्टर, हा आठवडा..."

"खड्ड्यात गेला तुमचा आठवडा. माझी नात आहे ती."

डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी दोन्ही नळ्या ट्रेमध्ये शेजारी शेजारी ठेवल्या. "बरं. तुलना राहू दे बाजूला. आजवर जवळजवळ प्रत्येक बाळाचं डोकं तुम्हीच धरलंय. तुम्ही सांगा, कुठली बरी? तीच घेतो."

टोमणा नव्हता तो, माणूस खरंच विचारत होता. आणि आमच्या फौजदारांच्या तोंडचं पाणी पळालं. एकदा या नळीकडे बघायच्या, एकदा त्या. ताठ नळीने तरलेली बाळं त्यांनी पाहिली होती, ताठ नळीने गेलेलीही. मऊ नळीचंही तेच. सारख्या आहेत हे ठाऊक असतं तर तुलना कशाला लावली असती? त्यांना ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. मॉनिटरवरचा आकडा खाली उतरत होता आणि मला त्यांच्या खांद्याला धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं.

"सिस्टर, बोला. वेळ नाहीये."

"या आठवड्याची आहे तीच," त्या पुटपुटल्या.

डोकं मी धरते म्हटलं, तर त्यांनी मला कोपराने बाजूला सारलं. पहिल्या खेपेला नळी वाकली. बाळाचे ठोके मंदावले, थांबावं लागलं, प्राणवायू वाढवावा लागला. दुसऱ्या खेपेला ती आत गेली. औषध हळूहळू उतरलं, ओठांवर रंग आला. मी वेड्यासारखी हसले. सिस्टर हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाळाच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि त्यानंतरच्या सकाळी ती गेली. इतक्या लवकर आलेल्या बाळांना असं होतं, डॉक्टर म्हणाले, त्याचा नळीशी संबंध लावता येत नाही. संबंध नाहीच, असं मात्र म्हणाले नाहीत.

दुपारी मी लेकीच्या खोलीत चादर बदलायला गेले. तिला पान्हा फुटला होता, गाऊन पुढून ओला झाला होता. सिस्टर खुर्चीत बसल्या होत्या.

"आई, दुसरी नळी घातली असती तर?"

"माहीत नाही गं."

"सगळ्या बायकांना सांगतेस ना, दोन्ही सारख्याच म्हणून?"

"सांगते."

"मग मला का नाही सांगितलंस? माझा विश्वास बसला असता."

माझ्या हातातली चादर तशीच राहिली. सिस्टरनी तिच्या केसांवर हात ठेवला. "सारख्याच..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

"आता नको," लेक म्हणाली आणि भिंतीकडे कूस वळवून पडून राहिली.