दोन कोच आणि पाटोडीचा रस्सा

माझ्या मावसनणंदेसाठी या जगात परका माणूस अजून जन्मालाच आलेला नाही. अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिल गावात ताईंना ओळखत नाही असा मराठी माणूस सापडणार नाही, हे एक वेळ समजू शकतं. पण पोस्टमनच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी आहे, ग्रोसरी स्टोअरमधल्या काउंटरवरच्या मुलीचं लग्न का मोडलं, समोरच्या कोरियन आजींना कुठलं लोणचं सोसतं, हेही ताईंना त्या त्या माणसाच्या घरच्यांआधी कळतं. ऑफिसात त्या सॉफ्टवेअर तपासायचं काम करतात, म्हणजे दिवसभर इंग्रजीतच बोलतात. पण आपलेपणा दाटून आला की त्यांचं इंग्रजी मध्येच नागपूरला उतरतं आणि समोरचा गोरा माणूस "काहून बापा, असं काहून करता?" याला मान डोलावून "यस, यस" म्हणतो. त्याला काय कळतं कोण जाणे, पण बहुधा बरोबरच कळत असावं.

त्यांची मुलगी रेवा सॉफ्टबॉल खेळते. ती पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी. हात पवनचक्कीसारखा गरकन फिरवून ती खालून असा चेंडू सोडते की समोरच्या मुलीला तो दिसायच्या आत मागच्या मुलीच्या ग्लव्हमध्ये धप्प वाजतो. ताई स्वतः शाळेत खो-खो खेळलेल्या. त्यामुळे जगातले सगळे मैदानी खेळ हे खो-खोचेच कमी-अधिक बिघडलेले प्रकार आहेत, असं त्यांचं मत. मॅच सुरू झाली की त्या भली मोठी छत्री लावून खुर्ची टाकतात आणि पहिल्या चेंडूपासून ओरडतात, "रेवा, खो दे, खो दे!" एकदा अंपायर खेळ थांबवून आला. "मॅम, व्हॉट इज खो?" ताईंनी त्याला दोन डावांच्या मधल्या वेळात मैदानाच्या कडेला उकिडवं बसवून खो कसा द्यायचा ते दाखवलं. तो थोराड माणूस लाल मातीत हात टेकून "को!" म्हणत उठताना मी स्वतः पाहिलाय. समोरच्या टीमच्या पिचरने चांगला चेंडू टाकला तरी ताई टाळ्या वाजवतात. रेवा डगआउटमधून, म्हणजे खेळाडूंच्या बाकावरून, "आई, प्लीज स्टॉप," असं नुसत्या ओठांनी म्हणते. ताई तिला हात हलवून दाखवतात.

तर या रेवाला गेल्या वसंतात दोन मालक झाले. एक तिची शाळा. शाळेच्या टीमच्या कोच म्हणजे जीवशास्त्र शिकवणाऱ्या एक सडपातळ, कडक बाई. त्यांचा नियम सरळ होता: सीझन चालू असताना शाळेची प्रॅक्टिस चुकवून बाहेरच्या टीमकडे गेलात, तर पुढच्या मॅचला बाकावर बसायचं. दुसरी तिची ट्रॅव्हल टीम, म्हणजे गावोगावच्या मुली निवडून केलेली खासगी टीम, जी उन्हाळ्यात दूरदूरच्या स्पर्धांना जाते. तिचे कोच हे छतं बसवण्याचा धंदा करणारे एक धिप्पाड दाढीवाले गृहस्थ. त्यांचाही नियम सरळ होता: शनिवारच्या सरावाला आला नाहीत, तर उन्हाळ्यातल्या मोठ्या स्पर्धेतली जागा दुसरीला. आणि कॉलेजचे कोच आपल्या टीमसाठी मुली हेरायला येतात ते त्या मोठ्या स्पर्धेला.

सुरुवातीला ताईंनी हे प्रकरण नुसत्या धावपळीवर निभावलं. शनिवारी सकाळी शाळेची प्रॅक्टिस, दुपारी ट्रॅव्हल टीमची. मधल्या वेळात रेवा गाडीच्या मागच्या सीटवर जर्सी बदलायची आणि ताई पुढून पोळीचा रोल मागे सरकवायच्या. पण एप्रिलात पाऊस लागला. पाइनच्या परागांनी हळद लागल्यासारख्या पिवळ्या झालेल्या गाड्या धुऊन निघाल्या आणि शाळेचं मैदान चिखल झालं. बाईंनी राहिलेली प्रॅक्टिस शनिवार दुपारी ठेवली. झालं! रेवा एका शनिवारी दाढीवाल्यांकडे गेली, तर पुढची शाळेची मॅच तिने बाकावर बसून पाहिली. दुसऱ्या शनिवारी शाळेत गेली, तर दाढीवाल्यांचा निरोप आला, की असंच चालणार असेल तर आपल्याला बोलावं लागेल.

"बोलू ना," ताई मला फोनवर म्हणाल्या. "दोघांनाही जेवायलाच बोलावून राहिली मी. तू ये चार वाजता, पाटोड्या थापायला."

मी गेले. बेसनाच्या पाटोड्या थापता थापता सहज विचारलं, "ताई, दुसराही येतोय हे त्या दोघांना सांगितलंय ना?"

"सांगितलं असतं तर आले असते का?" ताई रश्श्याला फोडणी देत म्हणाल्या.

बाई फुलं घेऊन आल्या. पाठोपाठ दाढीवाले पीचचा 'पाय', म्हणजे पीच भरून भाजलेला गोड पदार्थ, घेऊन आले. दोघं दारातल्या पायपुसण्यावर समोरासमोर उभे राहिले, आणि आमच्याकडे साखरपुड्याला मोडलेल्या सोयरिकीतली माणसं भेटावीत तसं एकमेकांकडे पाहून हसले. ताईंनी दोघांना शेजारी शेजारी बसवलं आणि वाटीत पाटोडीचा रस्सा वाढला. नागपूरचा रस्सा तो! पहिल्या घासाला बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या घासाला दाढीवाल्यांच्या कपाळावर दव पडलं. पण दोघांपैकी कुणीही आधी चमचा खाली ठेवायला तयार नव्हतं.

विषय काढला तो बाईंनीच. "माझ्याकडे अशा मुली आहेत ज्या कधीच मैदानात उतरत नाहीत, तरी रोज प्रॅक्टिसला येतात," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "रेवाला सूट दिली तर त्यांच्याकडे कुठल्या तोंडाने पाहू?"

"आणि पिचरच नसेल तर माझ्या मुली चेंडू टोलवायचा सराव कुणासमोर करणार?" दाढीवाले म्हणाले. "कॉलेजवाले शाळेच्या मॅच बघायला येत नाहीत. हिच्या भल्यासाठीच सांगतोय."

दोघांचंही खरं होतं, हीच तर पंचाईत होती. ताई वाढत होत्या, हसत होत्या, एक शनिवार तुमचा आणि एक ह्यांचा असा तह मांडत होत्या. ताईंचे यजमान नेहमीप्रमाणे मुकाट्याने जेवत होते. रेवा तर खालमानेने भात चिवडत होती. एवढा वाद तिच्याबद्दल चालला होता, पण तिला कुणी काही विचारलं नव्हतं. मीही नाही.

"रेवा, बाईंना कोशिंबीर दे," ताई म्हणाल्या.

रेवाने वाडगा उचलला आणि डाव्या हाताने पुढे केला.

"अगं, डाव्या हाताने काय देतेस? उजव्याने दे."

रेवाने वाडगा डाव्या हातातच धरून ठेवला. मग म्हणाली, "आय कान्ट, आई."

"कान्ट म्हणजे?"

"इट हर्ट्स. वर नाही जात."

दाढीवाल्यांनी चमचा ठेवला. किती दिवसांपासून दुखतंय, असं त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं. बरेच दिवस, रेवा म्हणाली. मग का नाही बोललीस? त्यावर ती रडली नाही, चिडलीही नाही. साधं उत्तर दिलं. शाळेत सांगितलं असतं तर बाईंना वाटलं असतं की ट्रॅव्हल टीमसाठी हात राखून ठेवतेय. तिकडे सांगितलं असतं तर त्यांना वाटलं असतं की शाळेसाठी. "अँड आई, यू वर ट्राइंग सो हार्ड," ती म्हणाली.

बाई उठून तिच्यामागे उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी तिचा खांदा हलकेच चाचपू लागल्या. दाढीवाले पलीकडून आले. थोड्या वेळापूर्वी एका शनिवारावरून अडलेली ती दोन माणसं आता एकमेकांना सांगत होती की डॉक्टर हो म्हणेपर्यंत ही एकही चेंडू टाकणार नाही, तुमच्याकडेही नाही आणि माझ्याकडेही नाही. उन्हाळ्यातली जागा कुठे जात नाही, असं दाढीवाले म्हणाले. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली तर बाकावर बसणं ही शिक्षा नाही, असं बाई म्हणाल्या. मग दोघांनी एकमेकांचे फोन नंबर घेतले, आणि पाटोडीही पुन्हा घेतली.

पाहुणे गेल्यावर मी भांडी आवरायला लागले. ताई सिंकपाशी नळ सोडून नुसत्याच उभ्या होत्या.

"पूर्ण गावाची दुखणी मला माहीत असतात," त्या म्हणाल्या. "माझ्या लेकीचा हात नाही दिसला गं मला."

मी नळ बंद केला. त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

डॉक्टरांनी तपासलं. फाटलंबिटलं काही नव्हतं, जास्तीच्या वापराने खांदा सुजला होता. रेवाने महिनाभर विश्रांती घेतली. त्या महिन्यात ताई मॅचला जायच्या, पण ओरडायच्या नाहीत. बाईंच्या परवानगीने त्या डगआउटच्या जाळीला खुर्ची लावून बसायच्या आणि आतून रेवा त्यांना खेळ समजावून सांगायची. खो-खोशी तुलना केली तरी ती आता चिडत नव्हती. अंपायरने मात्र एकदा येऊन सगळं ठीक आहे ना, म्हणून चौकशी केली. ताई गप्प आहेत, याची त्याला काळजी वाटली असावी.

उन्हाळ्यात ती मोठी स्पर्धा झाली. ताईंनी सोबतीला मला नेलं. रेवा मोजकंच खेळली, छान खेळली आणि टीम दुसऱ्याच दिवशी हरली. कॉलेजवाल्यांपैकी कुणी तिच्याकडे पाहिलं की नाही, ते कळलं नाही. ताईंनी विचारलंही नाही. जिंकलेल्या टीमला मात्र त्या चिवडा वाटून आल्या.

परतताना हायवेवर संध्याकाळ उतरत होती. दोन्ही बाजूंना पाइनची झाडं, मागच्या सीटवर मातीने माखलेली रेवा पाय पोटाशी घेऊन गाढ झोपलेली. वर्षभराने ही कॉलेजला जाणार, असं काहीतरी मी बोलले. ताईंनी आरसा रेवा दिसेल एवढा खाली वळवला आणि गाडीचा वेग आणखी कमी केला.

"ताई," मी म्हटलं, "घराकडे वळायचा आपला एक्झिट गेला."

"जाऊ दे ना बापा," त्या हळूच म्हणाल्या. "झोपलीय ती."