कललेला रांजण

सरजाबाईचा स्वभावच संशयी. दुकानदार तेल मापताना माप तिरपं धरतो का, इथपासून ते पाण्याचा टँकर आधी कुणाच्या दारात थांबतो, इथपर्यंत सगळीकडं तिची नजर. लातूर जिल्हा वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि चाकूरजवळच्या तिच्या गावात तलावाच्या तळाला भेगा पडल्या होत्या. गावचा कुंभार रेवणप्पा बायकापोरांसह लातूरला गेला होता. तिथं नव्या कचेऱ्या उभ्या राहत होत्या, वीटभट्टीवर हाताला काम मिळत होतं.

अशात घरातला रांजण फुटला. नवरा निवृत्ती म्हणाला, "मांजरानं पाडला."

"मांजर केवढं, रांजण केवढा?"

निवृत्ती मान खाली घालून सडकेच्या कामावर निघून गेला.

तेव्हापासून सरजाबाईनं त्याच्यावर पाळत ठेवली. काम सुटलं तरी हा माणूस दिवेलागणीशिवाय घरी येईना. चुलीतली राख परस्पर गायब होऊ लागली. गोवऱ्यांची रास खाली बसली. त्यात शेजारची कोंडाबाई सांगत आली, "तुज्या मालकानं माज्या शेळीचे केस कातरून नेले गं. कशाला म्हणलं, तर चालायलाच लागला."

राख आणि केस! सासऱ्यानं धम्म स्वीकारला तेव्हाच घरातले गंडेदोरे आणि देवऋषी बंद झाले होते. तिचा स्वतःचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण दुष्काळात माणसाचं डोकं फिरायला कितीसा वेळ लागतो? तलावात निजामाच्या वेळचं धन पुरलंय, अशी कुजबुज गावात होतीच. हा कुण्या मांत्रिकाच्या नादी तर लागला नसेल?

एका संध्याकाळी ती लपतछपत त्याच्या मागं गेली. निवृत्तीनं कोरड्या तलावातून टोपलं भरलं, वर फडकं झाकलं, इकडंतिकडं बघितलं आणि तो रेवणप्पाच्या ओसाड अंगणात शिरला. सरजाबाई कुडाच्या आड थांबली. थोड्या वेळानं आतून धूर निघू लागला. तेवढ्यात फाडकन आवाज झाला. तिला राहवलं नाही, ती धावतच आत गेली.

निवृत्ती राखेच्या ढिगापुढं उकिडवा बसला होता. हातात ऊन ऊन खापराचा तुकडा होता आणि तो चक्क हसत होता.

"काय करायलाव हितं? कोण मांत्रिक हाय?"

तो दचकून उठला. "मांत्रिक कुठला? रांजण करायलो. घरातला म्याच फोडला, खोरं लागून. तुज्या माहेरचा व्हता, म्हणून बोललो न्हाई."

"आन् केस?"

"पयला रांजण उन्हात तडकला. मातीत राख आन् केस कालवले, मग तडकंना. दुसरा पाझरला. ह्यो आता आतून वला राहिला, म्हणून जाळात फुटला. बघ, हितं मधी काळाच हाय!" फुटलेला तुकडा त्यानं असा पुढं केला, जणू बक्षीस मिळालं होतं.

सरजाबाईनं तुकडा घेतला. उलटासुलटा केला, वास घेतला, नखानं खरवडला. मग अंगणाचा कोपरा न् कोपरा बघून आली. मांत्रिक नव्हता, बाईही नव्हती. भिंतीशी फुटक्या खापरांची रांग तेवढी होती.

"बूड लई जाड केलाव," ती शेवटी म्हणाली. "वरचं वाळतंय, खालचं वलंच राहतंय."

"आसंल," निवृत्ती म्हणाला. "मग तूच थाप."

तिनं पदर खोचला. आधी नुसतं दाखवावं म्हणून बसली. पण ओली माती तळव्याखाली वळायला लागली आणि अंधार कधी पडला ते दोघांनाही कळलं नाही.

तोही रांजण फुटला, काठाशी. दोघांनी भांडभांड भांडून कारण शोधलं. त्याच्या पुढचा मात्र भट्टीतून अखंड निघाला. एका अंगाला कललेला, पोट सुटलेला. त्यांनी त्यात टँकरचं पाणी ओतलं. सरजाबाई दिवसभर बुडाखाली हात घालून बघत राहिली. हात कोरडाच निघे, तरी तिची खात्री पटेना.

कोंडाबाई बघायला आली. "कुंभार न्हाई, चाक न्हाई, आन् रांजण कुठनं आला? खरं सांग, तलावात काय घावलं?"

"माती घावली," सरजाबाई म्हणाली.

कोंडाबाईला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी ती कुदळ घेऊन तलावाकडं जाताना दिसली. सरजाबाईनं तिला हाक मारली नाही. तिला भट्टी लावायची होती. या खेपेला ती बूड पातळ ठेवून, तोंड जरा अरुंद करून बघणार होती.