सगळ्यांच्या मागची सायकल

बाळांनो, मागच्या आठवड्यात व्हिडिओवर धाकटीने मला विचारलं, "आजी, डिड यू गिव्ह अवे युअर बाइक?" तुम्ही दोघं मराठी ऐकता आणि इंग्रजीत उत्तर देता, त्याची मला सवय झाली आहे. या प्रश्नाने मात्र मी चमकले. खोदून विचारल्यावर कळलं, की तुमच्या आईने तुम्हाला सांगितलं होतं, आजीने सायकल सोडली. ती खोटं बोलली नाही. मध्यंतरी काही महिने ते खरं होतं. पण अर्धवट हकीकत कॅनडापर्यंत पोचली आणि तिथेच राहिली, हे मला चालणार नाही. म्हणून सगळं नीट क्रमाने लिहिते आहे. आई वाचून दाखवेल. तिच्याविषयीचा भाग आला की तिने तो गाळू नये, अशी तिला इथेच तंबी.

आमच्या गटाला नाव नाही. बॉटनी डाउन्स या आमच्या उपनगरातल्या गल्लीत, दोन घरं सोडून, एक निवृत्त नर्स राहते. ती गोरी, उंच, दुधाच्या फार्मवर वाढलेली. एकदा तिने मला सायकलवरून भाजी आणताना पाहिलं आणि कुंपणावरूनच म्हणाली, "रविवारी ये. हळू जातो आम्ही. आणि जेवतो." ती आमची म्होरकी. गटात तिच्या ओळखीची चार-पाच निवृत्त माणसं, आणि हळूहळू माझ्यामागून आलेली आपली मुलं: नाशिकची एक फार्मासिस्ट, साताऱ्याचा एक मुलगा जो इथे शिकायला आला आणि आता बांधकाम कंपनीत आहे, आणि त्यांचे दोघे-तिघे मित्र. ही सगळी मला काकू म्हणतात.

रविवारी सकाळी गाड्यांच्या मागे सायकली बांधून पुकेकोहे या शेतीच्या गावापर्यंत जायचं. आमची गाडी तुमचे आजोबा चालवतात. पुढे ते गाडीत बसून पेपर वाचतात, सायकलला हात लावत नाहीत. तिथून कांद्याच्या आणि बटाट्याच्या शेतांमधून सायकली निघतात. तिथली माती तांबूस, इतकी की पावसानंतर टायरचे ठसे विटेच्या रंगाचे उमटतात. वाटेत कोणी घाई करत नाही. गायी रस्ता ओलांडत असतील तर थांबायचं, कोणाच्या फाटकापाशी ठेवलेले लिंबू दिसले तर डब्यात नाणं टाकून घ्यायचे. आणि दुपारी एखाद्या गावातल्या जुन्या लाकडी पबमध्ये जेवायला उतरायचं. पब म्हटल्यावर तुमच्या आजोबांच्या बहिणीने पुण्याहून फोन करून मला विचारलं होतं, "वहिनी, या वयात?" मी तिला सांगितलं, की तिथे म्हातारी माणसं नातवंडांना घेऊन बसतात, शेतकरी चिखलाचे बूट दाराबाहेर काढून सूप पितात, आणि मी जिंजर बिअर पिते, जिच्यात बिअर नसते. तिचा विश्वास बसला नाही.

आता आमची एक पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. म्होरकी पुढे असते. वळण आलं की तिच्या लगेच मागचा माणूस तिथे उतरतो आणि कोपऱ्यावर उभा राहतो. मागून येणाऱ्या प्रत्येकाला हाताने वळण दाखवायचं. सर्वांत शेवटी नारिंगी जाकीट घातलेला एक माणूस असतो. तो येईपर्यंत कोपरा सोडायचा नाही. तो आला की कोपऱ्यावरच्याने त्याच्या पुढे निघायचं. पुढच्या वळणावर दुसरा कोणीतरी उतरतो. यामुळे कोणी चुकत नाही, आणि कोणाला धापा टाकत गट गाठावा लागत नाही. आपली मुलं याला "कोपरा धरणं" म्हणतात आणि नारिंगी जाकीटवाल्याला "शेपूट".

गेल्या वसंतात मी पडले. इथे वसंतात मॅगपाय नावाचे काळे-पांढरे पक्षी घरटं राखतात आणि सायकलवाल्यांच्या डोक्यावर झडप घालतात. मला हे माहीत होतं. तरीही हेल्मेटवर टक्कन चोच बसली तेव्हा मी मान वर केली, आणि चाक डांबरावरून कडेच्या खडीत गेलं. डावं मनगट मोडलं. हॉस्पिटलमध्ये प्लास्टर घालणारा डॉक्टर कोल्हापूरचा निघाला. त्याने "काकू, या वयात सायकल?" असं विचारलंच. मी म्हटलं, "पक्ष्याने वय विचारलं नाही."

तुमच्या आईने मात्र त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी, सगळा विचार करून फोन केला.

"आई, बास झालं आता. चाल. बागेत फिर. लायब्ररीत जा."

"हात बरा होऊ दे."

"म्हणजे काय? म्हणजे परत चालवणार?"

मी विषय बदलला. तिने तो होकार समजला असावा. अर्धवट हकीकत इथून सुरू झाली.

प्लास्टर निघालं, उन्हाळा गेला, आणि शरद ऋतूत मी पुन्हा रविवारी गेले. पहिल्याच दिवशी लक्षात आलं, की मी पूर्वीपेक्षा बरीच हळू आहे. त्याचं मला काही वाटलं नाही. आमची पद्धत हळू माणसांसाठीच आहे. पण आपल्या मुलांना वाटलं. ती माझ्या पुढे जाईनात. मी हाताने खूण करायची, ती हसून मागेच.

"अरे, जा ना पुढे."

"नको काकू," साताऱ्याचा म्हणाला, "तुम्हाला ओव्हरटेक केल्याचं आईला कळलं तर साताऱ्यात घरात घेणार नाही."

मी हसले. तेव्हा त्याला दटावायला हवं होतं.

त्याच फेरीत म्होरकीने त्याला हाक मारून पुढे घेतलं, आणि एका तिठ्यावर तो कोपरा धरून उभा होता. मी धापा टाकत पोचले. पुढे चढ होता. त्याने माझा चेहरा पाहिला आणि सायकलवर टांग टाकली. "चला काकू, येतो तुमच्याबरोबर. एकट्या कुठे जाता." आणि आला. मलाही त्या क्षणी सोबत बरी वाटली. कोपरा रिकामा राहिला आहे, हे त्याच्याही डोक्यात आलं नाही आणि माझ्याही.

आपल्याकडे मोठं माणूस दमलेलं दिसलं की आपण हातातलं काम टाकून त्याच्या बरोबर चालू लागतो. त्यात त्याची चूक तरी काय काढायची? पण मागे तिघं होती. एक निवृत्त शिक्षक, त्यांची बायको आणि नारिंगी जाकीट घातलेले एक गृहस्थ. रिकाम्या तिठ्यावर त्यांना कोणी दिसलं नाही, म्हणजे सरळ जायचं, असं समजून ती सरळ गेली, खाडीच्या दिशेने. त्या बाजूला फोन लागत नाही. शिक्षकांना मधुमेह आहे आणि त्यांना जेवण वेळेवर लागतं.

आम्ही पबमध्ये पोचलो, वाट पाहिली, किचन बंद झालं. म्होरकी एका शेतकऱ्याच्या यूटमधून, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीतून, त्यांना शोधायला गेली. ती तिघांना घेऊन आली तेव्हा शिक्षकांचा चेहरा पांढरा पडला होता आणि हात थरथरत होते. साखर उतरली आहे हे ओळखून आमच्या फार्मासिस्टने त्यांना लगेच गोड लेमनेड पाजलं, शेजारी बसून राहिली. पंधरा-वीस मिनिटांनी ते बरे झाले आणि म्हणाले, की रस्ता फार सुंदर होता. त्यांच्या बायकोने सगळ्यांशीच बोलणं टाळलं. साताऱ्याचा मुलगा बाहेर सायकलींपाशी जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी म्होरकी पिशवीभर फिजोआ घेऊन घरी आली. इथे शरदात प्रत्येकाच्या झाडाला ही हिरवी फळं इतकी लागतात, की लोक ती एकमेकांच्या दारात ठेवून पळतात. ती पळाली नाही, बसली. मी चहा केला.

"तू आमच्याबरोबर जेवायला यायलाच हवंस," ती म्हणाली. "पण गाडीने ये. पबमध्ये भेटू. ही मुलं तुझ्यामुळे नियम विसरतात. तू काही करत नाहीस, मला माहीत आहे. पण ती तुझ्याकडे बघतात आणि कोपरा सोडतात."

तिचं म्हणणं चूक नव्हतं, हेच वाईट होतं. ती रागावली असती तर मी भांडले असते. मी तिच्या कपात आणखी चहा ओतला. जेवायला गाडीने जायचं, म्हणजे मंडळी तांबूस चिखलाने माखून आत येणार आणि मी इस्त्रीचा कुर्ता घालून टेबल धरून बसणार. पाहुणी. मग एखाद्या रविवारी पाऊस असेल, मी जाणार नाही. मग पुढच्याही. हे कसं संपतं, ते मी माझ्या मैत्रिणींच्या बाबतीत पाहिलं आहे. त्यांना कोणीही "येऊ नका" म्हटलं नव्हतं.

चहा संपत आला तेव्हा मला सुचलं. मी विचारलं, "शेपटाला काय काय यावं लागतं?"

"का?"

"सांग तर."

"ट्यूब बदलता यायला हवी. प्रथमोपचार. रस्ते पाठ हवेत. आणि भरपूर धीर."

"पहिलं सोडून सगळं येतं. पहिलं शिकव. शेपटाच्या मागे कोणी थांबू शकत नाही. तुझाच नियम आहे. मी शेवटी असले, तर ही मुलं माझी सोबत करणार कशी?"

ती माझ्या मनगटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मागचं चाक, मदतीशिवाय. माझ्यासमोर. तोपर्यंत गाडी."

तो सगळा हिवाळा मी गॅरेजमध्ये काढला. ट्यूब काढणं अवघड नाही. टायरची शेवटची वीतभर कड रिमवर चढवणं अवघड आहे. त्यासाठी दोन्ही मनगटं पिळावी लागतात, आणि माझं डावं अर्ध्यातच थांबतं. अंगठे सोलले. तुमचे आजोबा दारात खुर्ची टाकून शब्दकोडं सोडवत बसायचे आणि मधूनच म्हणायचे, "दुकानात देऊ का?" मी पुन्हा टायर रेटायला लागे. एक दिवस भाकरी करताना लक्षात आलं, की पीठ मळायला मी मनगट पिळत नाही. तळहाताच्या मुळाने सगळा भार देते. मग चाक मांडीत धरून, वाल्वच्या समोरच्या बाजूने सुरुवात करून, कड थोडी थोडी दाबत आणली, आणि शेवटचा तुकडा उजव्या तळहाताने रेटला. बसला. मी पुन्हा काढला आणि पुन्हा बसवला.

तुमच्या आईचा फोन त्याच आठवड्यात आला. आजोबांनी तिला गॅरेजमधलं सगळं सांगितलं होतं.

"आई, तुला कोणाला काय दाखवून द्यायचंय?"

"काही नाही. मला जेवायला सायकलवरून जायचंय."

ती म्हणाली, "हेल्मेट नवीन घे." ते मी घेतलं. तुम्हाला सांगायचं मात्र तिच्याकडून राहून गेलं.

म्होरकीने आमच्या ड्राइव्हवेवर परीक्षा घेतली. मला वेळ लागला. ती हात खिशात घालून उभी राहिली, एकदाही पुढे झाली नाही. हवा भरून झाली तेव्हा तिने टायर दाबून पाहिला आणि नारिंगी जाकीट माझ्या हातात दिलं.

त्या रविवारी झिमझिम पाऊस होता. चढाच्या पायथ्याशी कोपरा धरून साताऱ्याचाच मुलगा उभा. सगळे गेले, मी आले. आता त्याने निघायला हवं होतं. तो पायडलशी चाळा करत राहिला.

"नीघ."

"काकू, चढ आहे."

"मला दिसतोय. नीघ."

"हळूहळू जातो ना, तुमच्या पुढेच."

"हळू नाही. तुझ्या चालीने. मागे बघायचं नाही."

"आई म्हणेल—"

"आईचा नंबर दे. मी बोलते तिच्याशी."

तो हसला आणि निघाला. अर्ध्या चढावर त्याने मागे वळून पाहिलं, मी हात उगारला, मग नाही पाहिलं. चढ मी सर्वांत खालच्या गिअरमध्ये चढले. थोडा भाग उतरून चालले, तेही लिहून ठेवते. माथ्यावर त्या शिक्षकांची बायको सायकल उलटी करून उभी होती. मागचं चाक पंक्चर. वाट चुकलेल्या त्या फेरीनंतर ती माझ्याशी जेमतेम बोलत होती.

"तू करणार?" तिने विचारलं.

"हो. तुम्ही माझ्या पिशवीतली छत्री धरा."

तिने धरली. ओल्या हाताने टायर निसटत होता, दोनदा कड बाहेर आली. तिने मदतीला हात पुढे केला, मग स्वतःच मागे घेतला. तिसऱ्यांदा बसली. ती म्हणाली, "बरं," आणि छत्री मिटली. आमच्यात तेवढंच झालं आणि तेवढं पुरलं.

पबमध्ये पोचलो तेव्हा किचन अजून चालू होतं. टेबलावर आमच्या दोघींच्या जागा होत्या. म्होरकीने सूप सांगून ठेवलं होतं, ते आलं तेव्हा गरम होतं. साताऱ्याचा मुलगा मला चिप्स वाढायला उठला, आणि मी त्याला बसवलं.

आजची स्थिती अशी. डावं मनगट पूर्ण वळत नाही आणि आता वळणार नाही. गटातून दोघं गेली, एक ऑस्ट्रेलियाला आणि एक गुडघ्यांमुळे. लांबच्या दोन वाटा आम्ही सोडल्या आहेत. कोपरा आता कोणी सोडत नाही. पाऊस फार नसेल तर रविवारची फेरी असते, जेवण असतं, आणि सगळ्यांच्या मागे मी असते, सायकलवर.