मुहूर्ताची ओळ

"तू कोहळा घेऊन खाली जा. फळ्याला हात नको लावू आज."

सर हे मराठीत म्हणाले. आमच्या संशोधन गटात मराठी समजणारे तिघंच. सर, पुण्याहून आलेला कौस्तुभ आणि मी. बाकीच्यांशी सर इंग्रजीत बोलतात. अपमान तेवढा घरच्या भाषेत. साक्षीदार कमी लागतात.

आयुधपूजेचा दिवस होता. बेंगळुरूत त्या दिवशी रिक्षापासून लेथ मशीनपर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागतं. आमचं काम कागदावरच्या भौतिकीचं. यंत्र नाही, म्हणून आम्ही फळा पुजतो. सरांनीच पाडलेली रीत. फळा धुवायचा, शेवंतीच्या माळा घालायच्या, आणि वर्षात ज्याने सगळ्यात चांगलं काम केलं त्याने कोऱ्या फळ्यावर आपल्या कामाची एक ओळ लिहायची. मुहूर्ताची ओळ. दुसऱ्या दिवसापर्यंत ती कुणी पुसत नाही.

यंदाची ओळ माझी होती.

काम काय होतं ते सांगते. एका वेड्यावाकड्या विहिरीत एक कण अडकलाय. त्याच्या ऊर्जेच्या पायऱ्या काढायच्या. थेट गणित सुटत नाही. तिथे सुपरसिमेट्रीची युक्ती चालते. त्या विहिरीची एक जोडीदार विहीर तयार करायची. दोघींच्या पायऱ्या जुळतात, पहिलीची सगळ्यात खालची तेवढी बिनजोडीची उरते. जोडीदारीण सोपी निघाली की अवघड विहिरीचं उत्तर हातात येतं. दोघींना जोडणारं एक सूत्र असतं, त्याला सुपरपोटेन्शियल म्हणतात. ते शोधणं हेच खरं काम. त्याची कृती कुठल्या पुस्तकात नाही. कौस्तुभ वर्षभर शोधत होता. सर त्याहून जास्त.

मला ते होसकोटेला सापडलं. दादा तिथे कारखान्यात आहे, रविवारी मी त्याच्याकडे जाते. वहिनी भाकरी थापत होती, मी परातीशेजारी वही घेऊन बसले होते. दोन्ही विहिरी एकाच घडणीच्या निघाल्या, फक्त लहानमोठ्या. मी पुन्हा करून पाहिलं. खरंच होतं. वहिनीला म्हटलं, सुटलं. ती म्हणाली, मग जेव आता.

सोमवारी मी सरांना दाखवलं. सर खूप वेळ पाहत राहिले. मग इथल्या कन्नड सवयीने म्हणाले, "सरी, ठीक आहे. कौस्तुभ लिहून काढेल. त्याचं इंग्रजी बरं आहे." मला त्यात वावगं वाटलं नाही. निपाणीच्या मराठी शाळेतलं माझं इंग्रजी, मला माहीत आहे ते कसं आहे.

आणि पूजेच्या दिवशी आरती झाल्यावर सरांनी खडू कौस्तुभच्या हातात दिला.

मी म्हटलं, "सर, ओळ माझी आहे."

सर हसले. त्यांना राग येत नाही, ते हसतात. "पेपर कौस्तुभ आणि मी पाठवतोय. शेवटी तुझे आभार मानलेत की." मग सगळ्यांकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "पाहा, सुपरसिमेट्रीसुद्धा जात पाळते. वरच्या सगळ्यांना जोडीदार मिळतो. सगळ्यात खालचा एकटाच." आणि कौस्तुभकडे बघून मराठीत, "त्याची पंगत वेगळी."

हसले सगळे. ज्यांना शेवटचं कळलं नाही तेही हसले. मी महाराची पोर आहे हे त्या खोलीत कुणी कधी बोललं नव्हतं. प्रत्येकाला ठाऊक मात्र होतं.

मग ते कोहळ्याचं. दृष्ट काढून कोहळा रस्त्यावर फोडायचा, हे काम दरवर्षी वॉचमन अण्णा करतो. या वर्षी मी.

मी गेले. हे लिहिताना स्वतःची शिसारी येते, पण गेले. गेटबाहेर कोहळा आपटला. कुंकवाचं लाल पाणी सलवारीवर उडालं. रस्ताभर आधीचे फुटलेले कोहळे पडले होते, त्यांच्या गरावरून स्कूटर घसरत होत्या. सगळीकडे आंबूस वास. लोकांनी आपापली पीडा घराबाहेर आणून टाकली होती, आणि त्यात मी उभी होते. मला उलटी आली नाही. यायला हवी होती.

कौस्तुभ मागून खाली आला. आयत्या बिळावरचा नागोबा, पण चेहरा पडलेला.

"सर तसे वाईट नाहीत गं. जोक होता तो. आणि तू पॉझिटिव्हली बघ ना. ग्राउंड स्टेट माहीत असली की त्यावरूनच सुपरपोटेन्शियल काढता येतं. सगळं तिच्यावर उभं असतं. पाया आहे ती."

गणित बरोबर होतं त्याचं. खालची पायरी माहीत असेल तर सगळी इमारत तिच्यातून निघते. आणि नेमकं तेच मला सहन झालं नाही. सरांच्या विनोदाने झालं नव्हतं ते कौस्तुभच्या समजुतीने झालं. तुम्ही पाया आहात. तुमच्यावर सगळं उभं आहे. आमच्या कित्येक पिढ्यांना हेच सांगून खाली ठेवलं. माझी आई निपाणीच्या वखारीत तंबाखू झोडत खोकत राहिली, तिलाही मालक म्हणायचा, तुमच्यामुळे धंदा आहे. शिवी निदान शिवीसारखी तरी येते. ही गोड समजूत तोंडात घोळत राहते, थुंकताही येत नाही.

मी म्हटलं, "कौस्तुभ, कणाला जात नसते. तुला आहे. सरांना आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे बाजूला हो."

मी वर गेले. सगळे चुरमुरे खात होते. फळ्यावर माझी ओळ, कौस्तुभच्या अक्षरात. मी तळहाताने पुसली. हळदकुंकू, खडू, सगळं एकत्र फरफटलं.

सर उठले. इतकी वर्षं परदेशी व्याख्यानं, इतकं मऊ बोलणं, आणि तोंडातून निघालं ते एवढंच.

"विटाळ केलास सगळा."

खोलीत कुणी हसलं नाही. सरांनाही कळलं आपण काय बोललो ते. मला त्या माणसाची किळस आली, इतकी की भीतीला जागाच उरली नाही. मी खडू उचलला, माझी ओळ माझ्या अक्षरात लिहिली, खाली माझं नाव पूर्ण लिहिलं.

"तुझी पीएचडी कशी होते बघतो," सर म्हणाले.

"बघा."

दसऱ्याची सुट्टी संपताच मी संस्थेकडे लेखी तक्रार दिली, दुसरा गाईड मागितला. अजून कुणी घ्यायला तयार नाही. पेपर माझ्या इंग्रजीत मी लिहिला आणि एकटीच्या नावाने पाठवला. सरांचे निरोप येतात. ये, बनशंकरीला घरी ये, जेवायलाच ये, आपण एका भाषेची माणसं. मी जाणार नाही. तक्रार मागे घेणार नाही. पदवी अडवली तर अडवू देत.

भौतिकीत कुणाचं काम वापरायचं तर त्याचं आडनाव घ्यावं लागतं. ही विहीर ज्याला सोडवायची असेल, तो सरांचा विद्यार्थी असो की खुद्द सर, त्याला माझं आडनाव घ्यावं लागेल. चारचौघांत, मोठ्याने.