वेळापत्रकाबाहेरची शेकोटी

कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या धुराचा वास आला की शिरपूरपुढचा तो चहाचा ठेला आठवतो. धुळ्याहून आम्ही तिघे मित्र मोटारसायकलींवर पहाटेच निघालो होतो. थंडीसाठी छातीशी वर्तमानपत्रे खोचली होती. एकाचे हातमोजे मात्र घरीच राहिले होते. ठेल्यापाशी शेकोटी दिसताच तो म्हणाला, “मास्तर, बोटे बठ्ठा बधीर व्हयी गयात. दहा मिनिटं शेकू दे ना!” प्रवासाची आखणी माझी होती, म्हणून तो मला मास्तर म्हणे. “वेळापत्रकात शेकोटी नाही,” मी म्हणालो. तो हसला आणि निघाला. सातपुड्याच्या पहिल्याच वळणावर त्या बोटांना ब्रेक दाबता आला नाही आणि गाडी कठड्यावर आदळली. उजवा हात वाचला, पण त्याची मूठ पुन्हा मिटली नाही, की त्याला ऊब कळली नाही. आता हिवाळ्यात आम्ही शेकत बसतो, मी घड्याळ पाहत नाही आणि तो जाळापुढे डावाच हात धरतो.